कातिब कोण, मुसन्निफ कोण?

जुलै महिन्यात नववीच्या वर्गाला मी निबंध घातला, 'माझे आवडते लेखक'. 20 मे 2025 ला डॉ. जयंत नारळीकर पुण्यात वारले होते, म्हणून विषय सांगताना त्यांचे नाव मुद्दाम घेतले. एवढा मोठा शास्त्रज्ञ 19 जुलै 1938 रोजी आपल्या कोल्हापुरात जन्मला, हे आमच्या उचगावच्या मुलांना ठाऊकच नव्हते. बालपण बनारसला, शिक्षण केंब्रिजला, पुढे पुण्यात आयुका उभी केली, हे सगळे फळ्यावर लिहून दिले.

चार दिवसांनी वह्या आल्या. एका मुलीचा निबंध वाचताना मी थबकले. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. त्यात लिहिले होते, "लहानपणी माझे आजोबा मला वाड्याच्या गच्चीवर नेऊन तारे दाखवत असत." या मुलीचे घर दोन खोल्यांचे, वर पत्रा. तिचे दादा तिने पाहिलेच नाहीत आणि नाना शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर होते, तेही तिच्या जन्माआधी अल्लाहला प्यारे झाले. तिच्या अम्मीला मी ओळखते. मग हे तारे दाखवणारे आजोबा आले कुठून?

मोबाइलमधून आले. विचारल्यावर तिने लगेच कबूल केले. "मॅडम, मी विचारलं, त्यानं लिहून दिलं. पण अक्षर माझंच आहे!" हे शेवटचे वाक्य तिने अगदी प्रामाणिकपणे म्हटले होते.

मला रागही आला आणि हसूही. कारण नारळीकरांनी नेमके उलटे केले होते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आपल्या नावामुळे परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, म्हणून जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. अक्षरही कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून, म्हणजे स्वतः गणितज्ञ असलेल्या मंगलाताईंकडून, लिहून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले! नाव दुसऱ्याचे, अक्षर दुसऱ्याचे, विचार मात्र पूर्ण स्वतःचा. माझ्या विद्यार्थिनीचे नाव स्वतःचे, अक्षर स्वतःचे आणि आजोबासुद्धा उसने.

उर्दू शिकवताना मुलांना सांगावे लागते की कातिब वेगळा आणि मुसन्निफ वेगळा. कातिब सुंदर अक्षरात लिहून काढतो, मजकूर मुसन्निफचा असतो. उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातची असत. संगणकावर नस्तालीक आली आणि बघता बघता ती गादी रिकामी झाली. तेव्हा आपण मनाची समजूत घातली की हात गेला, डोके तर शाबूत आहे. आता यंत्र मुसन्निफच्या गादीवर बसले आणि आमची पोरगी त्याची कातिब झाली.

नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी मी बीएडच्या वर्षी वाचली होती. या निबंधानंतर पुन्हा काढली. कोण्या एका अतिप्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली ठेव जमिनीखाली सापडते. तिच्यातल्या माहितीवरून विचार करणारे यंत्र तयार होते, त्याचे नाव वामन. त्याला हवे असते एकच, आपल्यासारखी आणखी यंत्रे घडवता येणे. आणि मग कळते की ती जुनी संस्कृती अशाच यंत्रांपायी बुडाली होती. वामनाच्या तीन पावलांची पुराणकथा आपल्या शेजारीपाजारी सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे नावातच सगळे आले. 1986 च्या सुमाराचे हे पुस्तक. तेव्हा आमच्या गल्लीत टेलिफोनही नव्हता.

याच भीतीला गणिती आय. जे. गुड यांनी 1965 मध्ये हिशेबात मांडले होते. माणसाहून हुशार यंत्र एकदा झाले, की ते आपल्याहून हुशार यंत्र बनवेल, ते पुढचे बनवेल, आणि माणूस मागे राहील. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक आणि विज्ञानकथाकार व्हर्नर विंज यांनी 1993 मध्ये याची वेळही सांगितली. 2005 च्या आधी किंवा 2030 च्या नंतर हे घडले तर आपल्याला नवल वाटेल, असे ते म्हणाले. विंज 2024 मध्ये गेले. मला त्यांची एक वेगळीच हकीकत आवडते. तरुणपणी त्यांनी अतिमानवी बुद्धीच्या माणसाची गोष्ट लिहायचे योजले, तर संपादक जॉन कॅम्पबेल यांनी कळवले की ही गोष्ट तुम्हालाच नव्हे, कोणालाच लिहिता येणार नाही. खरेच आहे. आपल्याहून हुशार पात्राच्या मनात लेखक शिरणार कसा?

पण मला दुसऱ्या टोकाचा प्रश्न पडला. ते हुशार पात्र आमच्या पोरीच्या मनात शिरले होते का? नव्हते. त्याने तिला वाडा दिला, गच्ची दिली. तिच्याकडे काय आहे हे त्याला माहीत नव्हते आणि तिनेही सांगितले नव्हते. सांगण्यासारखे आपल्याकडे काही आहे, असे तिला वाटलेच नव्हते. यात चूक यंत्राची किती आणि वर्षानुवर्षे गाइडमधले निबंध चालवून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांची किती, याचा हिशेब मी अजून करते आहे.

मी वही परत दिली. म्हटले, "लेखक राहू दे. नानांवर लिही. अम्मीला विचार."

सोमवारी अर्धे पान आले. चुका भरपूर. तिने लिहिले होते की नाना संध्याकाळी घरी आले की वुजूचे पाणी काळे वाहायचे, कारण साच्याची काळी वाळू कानातही जायची. अम्मी लहान असताना ते पाणी स्वच्छ होईपर्यंत तांब्या धरून उभी राहायची, आणि तोवर मगरिबची अजान व्हायची.

कॉमन रूममध्ये मी ते वाचून दाखवले. एक तरुण सहकारी म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी हेही यंत्र लिहील, काळ्या वाळूसकट. हव्या तर चुकाही घालून देईल." माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा मला ओळखता येईल का, तेही माहीत नाही. मी लाल पेनने 'भट्टी'ची वेलांटी दीर्घ केली आणि वही अम्मीला दाखवून आण म्हणून सांगितले. दोन आठवडे झाले, वही अजून परत आलेली नाही. ती म्हणते, अम्मी देत नाही.