घोरण्यातला खंड

लहानपणी अण्णांचं घोरणं म्हणजेच आमच्या घराची रात्र. माजघरात ओळीनं अंथरुणं पडत, आईच्या विटक्या लुगड्यांची गोधडी नाकापर्यंत ओढली की बाहेर रातकिडे, कौलांवर पाऊस, आणि साऱ्याच्या तळाशी अण्णांचा तो घरघरता खर्ज. त्या खर्जाला टेकून आम्ही भावंडं झोपलो. माणूस घोरतोय म्हणजे सुखात झोपलाय, असंच सगळे म्हणत.

मधेच तो आवाज तुटे. पाऊस तेवढा ऐकू येई. मग काकणं किणकिणत, आईचा दबलेला स्वर येई, "अहो, कुशीवर वळा," आणि बुडणारा माणूस पाण्याबाहेर डोकं काढतो तसा अण्णांचा मोठा श्वास.

आई जागीच असे.

दिवसा अण्णा पेंगत. पेपर मांडीवर गळे, चहावर साय धरे. आम्ही हसायचो, त्याची आज लाज वाटते.

30 वर्षांनी त्यांच्या अंगाला वायरी लावून एक रात्र तपासली. कागदावर श्वासाची रेघ डोंगरासारखी चढत-उतरत होती आणि एकाएकी सपाट होत होती. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, वाट मिटते, 10 सेकंद, 20, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून हाक मारतो, माणूस अर्धामुर्धा जागा होऊन श्वास घेतो, आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. स्लीप ॲप्निया. अण्णांचा श्वास तासाला 34 वेळा अडत होता. म्हणजे इतकी वर्षं ते रात्रभर झोपत नव्हतेच, झोपेच्या उंबऱ्यावरून परत फिरत होते.

मग सीपॅप आलं. हवेच्या हलक्या दाबानं घसा उघडा ठेवायची ही युक्ती सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे मांडली. नाकावर मास्क, उशाशी मंद सूं सूं.

पहिल्या रात्री घर इतकं शांत झालं की आईला झोप येईना. दिवा न लावता ती उठून बसली, अण्णांच्या छातीवर तळहात ठेवला. हात वर जाई, खाली येई. बराच वेळ.

सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली तरी दार उघडायला कुणी आलं नाही. आई साखरझोपेत होती.

तुमच्या घरात कुणाचं घोरणं असं तुटत असेल तर हसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारी जागं असलेल्या माणसालाही विचारा, तू शेवटची कधी झोपलीस?