एक बादली पाणी

बदलापूर या नावाची एक गोष्ट आमच्याकडे सांगतात. पूर्वी दूरच्या प्रवासाला निघालेले स्वार येथे थांबत, थकलेले घोडे बदलत आणि पुढे जात. म्हणून हे बदलापूर. गोष्ट खरी असो वा नसो, मला ती आवडते. कारण २०१६ साली मीही येथेच माझे वाहन बदलले. सायकल धाकट्या भावाला दिली आणि एक जुनी, गडद निळ्या रंगाची मोटारगाडी विकत घेतली.

पहिल्याच रविवारी सकाळी मी इमारतीच्या खालच्या नळाला पाइप जोडला आणि गाडी धुवायला काढली. मुले भोवती जमली. त्यांच्या अंगावर थोडे पाणी उडवले, टपावर फवारा मारला, चाके दोनदा धुतली. गाडी अशी चमकू लागली की मी तिच्यात माझा चेहरा पाहिला.

संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. हातात पाण्याने भरलेली कळशी होती. एका हाताने कठडा धरून त्या उभ्या होत्या. दम लागला होता.

"आजी, नळाला पाणी नाही का?" मी विचारले.

"दुपारीच टाकी संपली रे बाळा. शेजारच्या इमारतीतून आणले."

तो मे महिना होता. ठाणे जिल्ह्यात पाणीकपात चालू होती. टाकीतले पाणी दोन दिवस पुरवायचे, हे इमारतीत सर्वांना ठाऊक होते. मलाही होते. आजींनी माझे नाव घेतले नाही, गाडीचेही घेतले नाही. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी कळशी त्यांच्या हातून घेतली आणि वर नेऊन ठेवली.

पाणी आले त्या दिवशी मी घड्याळ लावून पाइपखाली बादली ठेवली. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. मी गाडी पंचवीस मिनिटे धुतली होती. अडीचशे लिटर! त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली होती. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. वर्तमानपत्रातले ते छायाचित्र मी कारखान्यात सर्वांना दाखवले होते आणि 'काय दिवस आले' असेही म्हणालो होतो.

मग मी दुसरे टोक गाठले. पाणी वापरायचेच नाही असे ठरवले. जुन्या बनियनचे फडके केले आणि रोज सकाळी गाडी कोरडीच पुसू लागलो. महिन्याभरात गाडी फिकट दिसू लागली. मला वाटले, रंगच वाईट होता.

स्टेशनच्या रस्त्याला एक रंगकाम करणारे कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी ती उतरत्या उन्हात तिरपी उभी करायला लावली आणि म्हणाले, "भाऊ, इकडे या. आता बघा."

बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा दिसत होत्या.

"हे कोणी केले?"

"तुमच्या हाताने केले," चाचा म्हणाले. "धूळ म्हणजे काय? दगडाचा भुगा. तो कोरड्या कापडाखाली धरून तुम्ही रोज गाडी घासली. रंगावरचा पारदर्शक लेप केसापेक्षाही पातळ असतो. तो किती दिवस सोसणार?"

त्यांनीच मला बादलीभर पाण्यात गाडी धुण्याची रीत शिकवली. यासाठी एक वेगळे द्रव मिळते. साधा साबण लावला तर तो पाण्याने धुऊन काढावाच लागतो, नाहीतर वाळून डाग पडतात. या द्रवाचे तसे नाही. ते धुळीच्या कणांभोवती बुळबुळीत थर धरते. कण रंगावर घासण्याऐवजी घसरतात आणि कापडात जातात. नंतर पुसले की काम झाले. माझ्या बाटलीवर एकास दोनशे छप्पन असे प्रमाण लिहिले होते. म्हणजे दहा लिटर पाण्याला चाळीस मिलिलिटरही लागत नाही. मला ते फारच कमी वाटले. मी अंदाजाने दुप्पट ओतले आणि सगळ्या काचांवर पांढरट पट्टे उमटले! तेव्हापासून औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण मी त्या द्रवाजवळच ठेवतो.

खरा प्रश्न कापडाचा. बाजारात लांब दांड्याचे ब्रश, रंगीत स्पंज, जाळीच्या बादल्या असे पुष्कळ काही दिसते. स्पंज घेतला तर वाळू त्याच्या सपाट तोंडावरच राहते. म्हणून तो धुवायला दुसरी बादली लागते. आम्हाला पहिलीच बादली जड झाली होती! चाचांचे मत सरळ होते. चमक आणणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, चांगल्या फडक्यांवर घाला. मी मायक्रोफायबरची आठ फडकी घेतली. त्याचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि धूळ आत ओढून घेतात. कडेला शिवलेली कडक चिठ्ठी मात्र आधी कापून टाकावी. तीही ओरखडा काढते.

आता माझी रीत ऐका. गाडी सावलीत उभी करतो. पत्रा तापलेला असेल तर थांबतो. बादलीतलेच थोडे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून एक भाग ओला करतो आणि मिनिटभर तसाच ठेवतो, म्हणजे धूळ सुटते. मग ओले फडके दोनदा दुमडतो. चौकोनी फडके असे दुमडले की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एक हात फिरवायचा, सरळ रेषेत, न दाबता. बाजू मळली की उलटायची. आठही बाजू मळल्या की फडके बाजूला, परत बादलीत बुडवायचे नाही. ही एक गोष्ट पाळली तर पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. सुरुवात टपापासून, शेवट खालच्या कडेला, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथे असते. एक फडके हातातून जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद. उरलेले पाणी चाकांना आणि चाकांची चिंधी कायमची वेगळी.

पाऊण तास लागतो. दहा लिटर पाणी पुरते.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हे मला २०१९ साली कळले. २७ जुलैला उल्हास नदीला पूर आला. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. तिच्यातून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे तुम्ही ऐकले असेल. आमच्या अंगणातही पाणी शिरले. पाणी ओसरले तेव्हा गाडी दारांपर्यंत चिखलाने माखली होती आणि नळ कोरडे होते. सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही!

मी सवयीने बादली काढली. चाचांना फोन केला तर ते ओरडलेच, "फडके लावू नका! एवढ्या चिखलावर काही चालत नाही. आधी भरपूर पाणी ओता."

पाणी आणायचे कुठून? आम्ही गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या नळाखाली पिंप ठेवले. पहिले दोन दिवस ते पाणी तळमजल्यावरच्या घरांची जमीन आणि भांडी धुवायला गेले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे आटोपल्यावर मी तांब्या घेऊन गाडीजवळ गेलो. वाळलेल्या चिखलावर हळूहळू, बेताबेताने पाणी सोडू लागलो.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आजी पाहत होत्या.

"अरे, तांब्याने काय घालतोस?" त्या वरून ओरडल्या. "पिंप वाहून चालले आहे! घे की बादली!"