मापाची वही

मोझरीहून सकाळच्या एसटीने अमरावतीला जाणारे आम्ही तिघं होतो. आम्ही दोघं भाऊ आणि खालाचा मुलगा. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावीचं सायन्स कसंबसं इंग्रजीत काढलेलं, घरात वऱ्हाडी वळणाची हिंदी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी प्लस प्लस आलं आणि आमच्या तिन्ही भाषा अपुऱ्या पडल्या.

क्लास म्हणजे ऑब्जेक्टची ब्लूप्रिंट, ऑब्जेक्ट म्हणजे क्लासचा इन्स्टन्स. फळ्यावरचं हे वाक्य आम्ही पाठ केलं. ब्लूप्रिंट कधी पाहिली नव्हती. तोंडी परीक्षेत खालाच्या मुलाने व्याख्या एका दमात म्हटली. "आता रोजच्या जगण्यातलं उदाहरण दे," असं विचारल्यावर तो खाली पाहू लागला. आम्हाला तो प्रश्न आला नाही, एवढंच आमचं नशीब. पुढच्या सत्रात तो एसटीत दिसला नाही.

एका रात्री अब्बांनी मशीन थांबवून विचारलं, "उसने कायकू छोडा? ऐसा क्या था उसमें?" आम्ही जमेल तसं सांगितलं. त्यांनी मापाची वही पुढे ओढली. "नाप पहनके कोई बाजार जाता क्या? कपडा सिलना पडता."

आम्ही वहीकडे पाहतच राहिलो. शर्टाच्या प्रत्येक पानावर तेच रकाने: छाती, कंबर, बाही, उंची. हा कोरा नमुना म्हणजे क्लास. मापं भरून शिवलेला एकेक शर्ट म्हणजे ऑब्जेक्ट. एकाची बाही आखूड केली म्हणून दुसऱ्याची होत नाही. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही, तो कन्स्ट्रक्टर. सफारीचा शर्ट हाही शर्टच; सगळी मापं तीच, वर खिसे वाढतात. हे झालं इनहेरिटन्स.

वहीत गिऱ्हाइकाला लिहू देत नसत. कंबर तीस सांगणाऱ्याची टेप चौतीस दाखवते. अब्बा स्वतः मोजत, मगच आकडा लिहीत. क्लासमधली माहिती प्रायव्हेट ठेवतात ती याचसाठी. बदल करायचा तर तपासणाऱ्या फंक्शनमधूनच. सी प्लस प्लसमध्ये वेगळं काही लिहिलं नाही, तर क्लासच्या आतलं सगळं प्रायव्हेटच धरतात.

पॉलिमॉर्फिझम आम्हाला गुरुकुंजात सापडला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. इशारा एकच. अब्बांचा पाय पायट्यावरून उतरतो, चहावाला स्टोव्ह बारीक करतो, चालणारा जागीच उभा राहतो. कुणी काय करायचं हे इशारा देणारा सांगत नाही. ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

पुढे वाचनात आलं की ही कल्पना निघाली तीच मुळी रोजच्या व्यवहारातून. नॉर्वेत ऑस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना खऱ्या कामकाजाची नक्कल संगणकावर उतरवायची होती. त्यातून सिम्युला ६७ ही भाषा आली. तिच्यातला क्लास घेऊन बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी प्लस प्लसचं काम सुरू केलं. जे व्यवहारातून निघालं, ते आमच्यापर्यंत मात्र नुसती व्याख्या होऊन आलं.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. चांगलं झालं. पण मराठी व्याख्याही पाठ करता येतेच. आधी वस्तू हातात द्यावी, नाव मागून सांगावं, असं आम्हाला वाटतं.

आता सुटीत पहिल्या वर्षाची पोरंपोरी दुकानात येतात. दुकान खालाचा मुलगा सांभाळतो. पहिल्यांदा आम्ही त्याच्यासमोर हे सगळं समजावलं, तेव्हा तो बटण लावता लावता थांबला.

"इतनाच था?" त्याने विचारलं.

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आता वही तोच उघडून दाखवतो.