वाळूच्या बेटावरील सूर्यास्त

मालवण तालुक्यात देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. संगमावर वाळूचे बेट आहे. पर्यटक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. भरतीला त्यावर पाणी चढते, ओहोटीला वाळू उघडी पडते.

माझ्या आजीचे माहेर देवबाग. गुडघ्यांमुळे आता तिला होडीत चढवत नाही. म्हणून तिच्यासाठी तिथल्या सूर्यास्ताचा फोटो काढायचे मी ठरवले. होडीवाले काका म्हणाले, "पुनवेक जावया." मी कारण विचारले. त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ची पाऊणपट ६, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. मग वाळू कुठली दिसणार? पौर्णिमेला १५ची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी!

दत्तजयंतीला मी नि बाबा गेलो. वाळू ओली, गार होती. खेकड्यांनी बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. सूर्य पाण्याला टेकला. मी बाबांचा मोबाइल वर धरला, तोच काका ओरडले, "चला, भरती लागली! पाणी कोणासाठी थांबना नाय." पाणी घोट्याशी आले. एकच फोटो निघाला. होडीत बसलो तर पूर्वेला माडांमागून चंद्र वर येत होता.

घरी आजीने फोटो डोळ्यांजवळ धरला. सूर्याकडे तिचे लक्षच नव्हते. वाळूच्या कडेवर बोट ठेवून ती म्हणाली, "भरती लागली हुती मां?"