मागचा तंबोरा

स्पीकर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिलं काम करतो ते आवाज वाढवण्याचं. "साहेब, बेस बघा!" बेस ही काही बघायची गोष्ट नव्हे, पण शोकेसची काच थरथरलेली दिसते खरी. मग दुसरी जोडी लागते. हिच्यात झांजा लखलखतात, गायिकेचा श्वाससुद्धा कानाशी येतो. "साहेब, डिटेल बघा!" पुण्याची तपकीर गल्ली असो नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, हे दोन प्रवेश ठरलेले.

दोन्ही प्रवेशांना माणूस भुलतो. कानाचा स्वभावच असा की जे किंचित मोठं, ते त्याला अधिक चांगलं वाटतं. एखाद-दीड डेसिबलच्या फरकानेही कौल फिरतो, आणि आपण पसंती जोराला दिली हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. वरच्या स्वरांना थोडं उचलून दिलं की तेच आपल्याला बारकावा म्हणून भेटतं. तासाभराने कपाळ ठणकू लागलं की उलगडा होतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर सारख्या पातळीवर ऐकवले. नाव, किंमत, लाकडाचं पॉलिश यांतलं काही दिसत नसताना बहुतेकांनी निवडले ते कुठल्याच स्वराला पुढे न ढकलणारे, समतोल वृत्तीचे स्पीकर. तपकीर गल्लीत पडदा कोण लावणार?

म्हणून मी गाणाऱ्याकडे लक्षच देत नाही. मागच्या तंबोऱ्याकडे देतो.

मैफलीत तंबोरा ऐकायला कुणी येत नाही. तो धरणारी शिष्या खालमानेने तारा छेडत असते, आणि तिच्याकडे नजर जाते ती फक्त तार उतरली की. पण स्पीकरची सगळी परीक्षा त्या चार तारांत भरलेली आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून हे वाद्य घडतं आहे. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, त्यावर तबली, तबलीवर किंचित बाकदार घोडी, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा बारीक धागा. तो धागा केसभर इकडचा तिकडे झाला की जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, मिटते किंवा खुलते. १९२१ साली कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या घोडीवर लिहिलं आहे. तार जिथे छेडली त्या जागेमुळे काही उपस्वर उमटूच नयेत, असं जुनं गणित सांगत होतं. तंबोऱ्यात ते खुशाल ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. तार बाकदार घोडीला घासत-सुटत राहते, आणि एका तारेतून स्वरांचा झोत निघतो.

काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. त्याचा पाचवा उपस्वर येतो ३४६च्या आसपास, आणि तो गंधार असतो. चारही तारांत गंधार कुणी लावलेला नसतो. पंचम, षड्जाची जोड, खर्ज एवढंच चाललेलं असतं, आणि तरी थोड्या वेळाने खोलीत गंधार तरंगू लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

नेमकी इथेच स्वस्त स्पीकरच्या खोक्याची पंचाईत होते. पातळ लाकडाच्या मोठ्या भिंती साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःच बोलू लागतात. बोटाच्या पेराने खोक्याच्या कुशीवर टकटक करावी. कोरडा, आखूड "टक्" आला तर बरं, "ढब्" असं घुमलं तर समजावं की प्रत्येक तंबोऱ्यात हे खोकं आपला एक स्वर मिसळणार. दुकानातल्या लखलखत्या गाण्यात तो ऐकू येत नाही. तंबोऱ्यात गंधार गढुळतो आणि चार तारांची एकच भुणभुण होते. माझी कसोटी एवढीच: गवई पूर्ण गळ्याने वर गेलेला असताना, शेजारच्या कुकरची शिट्टी झाकली जाणार नाही इतक्या हळू आवाजात, जोडाच्या दोन तारा वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. आल्या, तर बाकीचा बारकावा त्या खोक्यात आहेच.

अशी छोटी, प्रामाणिक खोकी घडवण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावलं आणि कपाटाएवढ्या स्पीकरचा खर्ज फळीवर मावू लागला. त्या काळातले हेन्री क्लॉस आणि अँटन हॉफमन हेही याच धंद्यातले. हॉफमन म्हणजे विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. घरात पियानो, आणि मुलाने आयुष्य घातलं पियानो लहान खोक्यात कसा बसेल यात. त्यांच्या नावाने एक पोलादी नियम आजही सांगतात: छोटं खोकं, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींतलं काहीही दोन घ्या. तिसरं मिळणार नाही. स्वस्त स्पीकरच्या डब्यावर तिन्ही छापलेली दिसली तर मी डबा खाली ठेवतो.

या नियमाशी सगळ्यात सुंदर सौदा केला बीबीसीने. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा छोटा मॉनिटर त्यांना हवा होता, निवेदकाचा आवाज खराखुरा ऐकता यावा म्हणून. १९७०च्या दशकात त्यांच्या संशोधन विभागाने एलएस थ्री फाइव्ह ए बनवला: आत जेमतेम पाच लिटर जागा, पातळ प्लायच्या भिंती आणि त्यांचा घुमारा मारायला आतून लावलेलं अस्तर. खोल खर्ज त्यांनी सरळ सोडून दिला. माणसाचा आवाज मात्र सोडला नाही. (तो स्पीकर स्वस्त कधीच नव्हता, आणि आता तर जुन्या जोड्यांच्या किमती ऐकून मी विषय बदलतो.)

हा सौदा ख्यालगायकीला इतका चपखल बसतो, की इंग्रज अभियंत्यांना कुणी आपलं गाणं ऐकवलं होतं की काय अशी शंका यावी. ऑर्गनच्या नळ्या आणि सिनेमातले स्फोट यांच्यासाठी ३० हर्ट्झपर्यंत उतरावं लागतं. आपल्याकडे एक गळा, मागे तंबोरे, बाजूला पेटी, आणि तबला. पाच-साडेपाच इंची वूफरचं बरं खोकं ५५-६० हर्ट्झपर्यंत येतं, म्हणजे काळी एकचा खर्ज सुखरूप. डग्ग्याची घिस्सा, मनगटाने दाबत नेलेली ती मींड, हीही बहुतेक हाती लागते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचं मात्र नुकसान होतं. ध्रुपदाचे भक्त असाल तर माझं ऐकू नका, मोठे स्पीकर घ्या.

किमतीचं म्हणाल तर काळ बरा आहे. व्हार्फडेलने १९८०च्या दशकाच्या तोंडाशी आणलेली डायमंडची चिमुकली जोडी आणि तिचा आजवर चालू असलेला वंश यांनी स्वस्त म्हणजे वाईट हा समज बराच मोडला. अँड्र्यू जोन्स यांनी टॅडसाठी मोटारीच्या किमतीचे स्पीकर घडवले. त्याच माणसाने पायोनियरसाठी शंभर-सव्वाशे डॉलरची जोडी आणि पुढे २०१५मध्ये एलॅकची डेब्यू मालिका केली. मला या दुसऱ्या कामाचं अधिक कौतुक वाटतं. पैसे संपल्यावर काय राखायचं हे ठरवायला कान लागतो.

घरी आणल्यावर खरा भागीदार बोलू लागतो, तो म्हणजे खोली. बारा फुटांची खोली ४७ हर्ट्झला आपोआप घुमते. ते तिच्या मापात लिहिलेलं आहे. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की डग्गा बिल्डिंगभर फिरतो. पाठीला भोक असलेलं खोकं तर पुस्तकांच्या रांगेत ठासून बसवूच नये, वीतभर तरी मोकळी जागा मागे ठेवावी. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती तंबोऱ्यावर पाणी ओततात. सोलापुरी सतरंजी आणि एक जाड पडदा यांनी जितका फरक पडतो, तितका जाड केबलने पडलेला मी ऐकलेला नाही. केबल विकणारे मला यापुढे चहा देणार नाहीत.

उंचीचं मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं. बाजारातले स्टँड २४ इंचांचे, सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी. ट्वीटर कानाच्या पातळीत हवा, आणि आम्ही गाणं ऐकतो ते खाली मांडी घालून. तेव्हा सुताराला १८ इंचांचे दोन भक्कम स्टूल सांगितले. वर काय ठेवणार, असं त्याने विचारलं. गाणं, म्हणालो. मग वर सनमायका नको, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं, आणि पायांत वाळू भरायची कल्पनाही त्याचीच.