पोस्टानं येणारं विमान

१९६५ साली मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड'चा मे १९५५चा अंक मिळाला. इंजिनासकट आठशे डॉलरच्या आत हे विमान स्वतः बांधा, असं त्याचं सांगणं होतं. विमानाचं नाव 'बेबी एस', लिहिणारा पॉल पोबेरेझ्नी. त्यानंच १९५३मध्ये मिलवॉकीत घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली होती, तीच आजची ईएए. डॉलर तेव्हा पावणेपाच रुपयांना होता. वहीच्या मागच्या पानावर मी गुणाकार केला: तीन हजार आठशे रुपये. वडिलांचा वर्षाचा पगार जवळपास तेवढाच होता. ती लेखमाला होती आणि माझ्याकडे तिचा एकच अंक. पुढच्या अंकांसाठी मी दोन वर्षं दर महिन्याला त्या विक्रेत्याकडे जात होतो. ते मिळाले नाहीत.

गेल्या वर्षी पुण्याच्या भाच्याला ही गोष्ट सांगितली. माझा चहा संपायच्या आत त्यानं ती सगळी लेखमाला फोनवर काढून दाखवली. साठ वर्षं अडलेलं पान मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं आणि मला मनापासून आनंद झाला. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून आमचा काळ चांगला होता असं कुणाला वाटेल. तो बऱ्याच बाबतींत वाईट होता.

आम्ही म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत गॅरेजमध्ये विमानं बांधणारे लोक. कुणी टूल-अँड-डाय कारखान्यातले, कुणी शेतकरी, एक दंतवैद्य आणि पुण्याहून आलेला मी. मी बर्ट रुटाननं आखलेलं 'लाँग-ईझी' विमान बांधत होतो. फोमचा गाभा, त्यावर काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सी. नकाशे विकत घेतले की काम संपत नसे, कारण नकाशांत चुका असत आणि त्या चुका रुटानच्या कचेरीतून निघणाऱ्या 'कॅनार्ड पुशर' या तिमाही पत्रिकेतून कळत. तिला रंग नाही, गुळगुळीत कागद नाही. टाइप केलेली पानं आणि हातानं काढलेल्या आकृत्या. ती आली की आधी मागची पानं उघडायची, कारण दुरुस्त्या तिथं असत. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक आणि ती किती निकडीची याचा शेरा. सगळ्यांत कडक शेरा असा, की हा बदल होईपर्यंत विमान जमिनीवरून हलवू नका. मी कात्रीनं तो चौकोन कापायचो, नकाशाच्या पानावर डिंकानं चिकटवायचो, जुनं माप लाल पेन्सिलीनं खोडायचो आणि बाजूला तारीख घालून सही करायचो. सहीची सक्ती कुणाचीच नव्हती. पण चूक वाचली, समजली आणि यापुढे ती माझी जबाबदारी, हे त्या सहीत होतं.

आज असा इशारा काही तासांत जगभर जातो. २०२३मध्ये एका मोठ्या किट-उत्पादकाच्या पत्र्यांत लेझरनं कापलेल्या भोकांच्या कडांना भेगा पडताना दिसल्या. कुणी फोटो टाकले, आणि बांधणाऱ्यांना पोस्टमनची वाट पाहावी लागली नाही. आमच्या वेळी दोन अंकांमध्ये तीन महिने असत. त्या तीन महिन्यांत ज्याला कळलं नाही तो उडतच असे. ही गोष्ट माझ्या लाल पेन्सिलीपेक्षा फार मोठी आहे.

फोम कापायला दोन माणसं लागत. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे साचे ठोकायचे, साच्यांच्या कडेवर आकडे लिहायचे आणि तापलेली तार दोघांनी एकाच वेगानं त्यावरून ओढायची. एकजण आकडे पुकारतो आणि दुसऱ्याची तार त्याच क्षणी त्याच आकड्यावर हवी. आमच्या गॅरेजात मी आणि माझी बायको होतो आणि आकडे मराठीत होते. 'बारा... साडेबारा... तेरा... अहो, थांबा, माझी तार अडकली.' थांबलं की फोम तिथं वितळून खड्डा पडे. आमचे दोन गाभे वाया गेले, कारण छापील मजकुरावरून तारेचा ताण किती ठेवायचा ते कळत नव्हतं.

आता तो ताण पाच मिनिटांच्या चित्रफितीत दिसतो. तार किती वाकते, धूर किती निघतो, कापताना आवाज कसा येतो, सगळं. शिवाय आज पुष्कळजण पत्र्याचं किट घेतात. भोकं कारखान्यातच पाडलेली असतात आणि ती एकमेकांवर बसली की विमान आपोआप सरळ उभं राहतं. आमची कित्येक विमानं थोडी वाकडी होती.

मग मी हळहळतो कशासाठी? मागितलं नव्हतं त्या पानासाठी. ईएएच्या 'स्पोर्ट एव्हिएशन' या मासिकात टोनी बिंगेलिस यांचं सदर असे. आपण पंखावर काम करत असायचो आणि ते त्या महिन्यात इंजिन थंड ठेवण्याबद्दल लिहीत. तरी वाचायचं, कारण दुसरं काही आलेलं नसे. दोन वर्षांनी इंजिन बसवताना ते आठवे. चांगलं मासिक म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: ज्याला हातांनी काम करता येतं असा माणूस त्यात लिहितो, मापं देतो, बिघडलेलं छापतो आणि तुमच्या पुढच्या अडचणीचं उत्तर अडचण यायच्या आधी तुमच्या घरात आणून ठेवतो.

एकदा मी छोट्या जाहिरातींत जुना प्रोपेलर शोधत होतो. त्या जाहिरातीही मी मन लावून वाचायचो. अर्धवट विमानं विकायला असत आणि कारण एका ओळीत: बदली झाली, घटस्फोट, दृष्टी गेली. त्याच पानाच्या कोपऱ्यात एका वाचकाचं पत्र होतं. इंधनटाकीला हवा देणाऱ्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आणि उड्डाण करताच इंजिन गुदमरलं. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये जाऊन मी माझ्या नळीत तार घातली. तारेबरोबर सुकी माती बाहेर आली. ही शंका मला कधी आली नसती आणि जी शंकाच येत नाही ती आज कुठं टाइप करून विचारायची?

छापलेलं सगळं खरं नसायचं, हेही तितकंच खरं. आँरी मिन्ये या फ्रेंच माणसानं १९३४मध्ये पुस्तक काढलं. सुतारकाम जमतं त्याला माझं विमान जमेल, असं त्याचं म्हणणं. इंग्रजांनी त्या विमानाला उडती पिसू म्हटलं आणि घरोघरी ते बांधायला घेतलं. नाक एका मर्यादेपलीकडे खाली झुकलं की दांडा कितीही ओढला तरी ते वर येत नसे. माणसं मेली, मग १९३६मध्ये विंड टनेलच्या चाचण्यांतून कारण कळलं. उत्साह छापायला सोपा असतो. आमच्या मासिकांनीही तो पुष्कळ छापला.

१९९७च्या ऑक्टोबरमध्ये गायक जॉन डेन्व्हर मॉन्टेरेच्या समुद्रात पडून गेले, ते लाँग-ईझीमध्येच. विमान त्यांनी बांधलेलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक मूळ नकाशाप्रमाणे वैमानिकाच्या दोन पायांमध्ये हवा; बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे बसवला होता. मागे वळून तो फिरवताना विमानावरचा ताबा सुटला, असं चौकशीत निघालं. त्या रात्री मी दुरुस्त्या चिकटवलेल्या नकाशांची माझी फाइल काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

आपल्याकडे मुंबईत चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली. त्याबद्दल मी हाती लागेल ते मराठीत वाचलं. परवानगीची लढाई सविस्तर होती. कुठला पत्रा वापरला, कुठला टाकून दिला, कुठली चूक सुधारायला किती महिने गेले, हे मला कुठंच सापडलं नाही. आमच्या मासिकानं ते दहा अंकांत छापलं असतं.

माझी नजर अधू झाली तेव्हा मी विमान विकलं. घेणारा तिशीतला मुलगा, फार काळजीपूर्वक पाहणारा. सगळे अंक, सगळ्या दुरुस्त्या त्याच्या टॅब्लेटमध्ये होत्या आणि माझ्यापेक्षा नीट लावलेल्या होत्या. तरी मी माझी फाइल त्याला दिली, कारण कुठली दुरुस्ती या विमानात कुठल्या दिवशी झाली ते फक्त तिच्यात आहे. त्यानं ती वजनकाट्यावर ठेवली. सव्वाचार पौंड. वजन-तोलाच्या तक्त्यात मागच्या सीटपुढे तो आकडा लिहिला, पट्ट्यानं फाइल बांधली आणि तो उडून गेला.