किडा नव्हता

"रानातला किडा फिरलाय," म्हणत डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. सदरासुद्धा पुरता वर केला नव्हता मी. सांगत होतो, आईची किडनी बसवलीय, प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस चालू आहे, स्टेरॉइड चालू आहे. "बरं बरं," म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. ते "बरं बरं" अजून कानात आहे.

त्याआधी दोन दिवस उजव्या बरगडीखाली निखारा ठेवल्यागत जळत होतं. मग पुंजक्या-पुंजक्यांनी पाणीदार फोड आले. मलम चोळण्यात चार दिवस गेले. दवाखान्यात जाऊन आल्यावर आणखी कुणाला दाखवायचं, असं वाटलं. इथंच चुकलं. फोड दिसल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर खरा उपयोग, हे नंतर कळलं.

ओळखलं ते शेजारच्या आजींनी, दारातूनच. "आरं, ही नागीण हाय!" लगेच गेरू उगाळून आणला. तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपला, म्हणून वाट अडवायची. मी जाम चिडलो. अंधश्रद्धा म्हणालो. आजी रेघ ओढत राहिल्या. मी ओढू दिली.

त्याच रात्री सारोळ्याहून पुण्याला निघालो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो, तेव्हा छातीवर, गालावर सुटे फोड दिसले. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दडून असतो, प्रतिकारशक्ती खचली की उठतो. बहुतेकांत एका बाजूच्या पट्ट्यातच राहतो, वेढा पडत नाही. पण आमच्यासारख्यांत पट्टा सोडून अंगभर, फुप्फुसापर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे आजींची भीती अगदीच पोकळ नव्हती म्हणायची!

दर आठ तासांनी शिरेतून असायक्लोव्हिर, सोबत सलाइन, कारण हे औषध किडनीलाही त्रास देऊ शकतं. रोज क्रिएटिनिन. आईची नजर त्या एका आकड्यावर. किडनी तिचीच ना.

किडनी बसवलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना नागिणीच्या लशीबद्दल जरूर विचारावं. २०२३ पासून भारतात मिळणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पुण्यात भरती झालो त्या पहिल्या दिवशी नर्सनं गेरू पुसायला घेतला. "हळू," म्हणालो. तिला वाटलं, दुखतंय. दुखत होतंच, पण मला ती रेघ पुसायला नको होती.